फादरांची बदली आणि आपण



मे महिन्याच्या अखेरीस आपल्या धर्मग्रामात निरोप समारंभ झाला. सात वर्षे आपली सेवा करून आपले प्रमुख धर्मगुरू दुसऱ्या धर्मग्रामात गेले. भाषणे झाली, मुलांनी गाणे म्हटले, अनेकांचे डोळे पाणावले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या खोलीत आम्ही राहायला आलो. त्याला आता दोन महिने होत आले.

या दोन महिन्यांत एक वाक्य वारंवार कानावर पडत आहे : 'आधीचे फादर असते तर असे झाले नसते.' पालकीय मंडळाच्या बैठकीत ते ऐकले, गायकवृंदाच्या सरावाला ऐकले, दफनभूमीतून परतताना मागून चालणाऱ्यांच्या बोलण्यातही ऐकले. त्याचे आम्हाला काहीच वाटले नाही, असे लिहिले तर ते खरे होणार नाही. पहिल्या आठवड्यांत वाईट वाटले. पण हळूहळू ध्यानात आले, की या वाक्यात तक्रार थोडी आणि दुःख अधिक आहे. दुःखावर रागावून चालत नाही. ते समजून घ्यावे लागते.

येत्या ४ ऑगस्टला संत जॉन मेरी वियानी यांचा सण आहे. ते सर्व धर्मग्रामांतील धर्मगुरूंचे आश्रयदाते संत. त्या निमित्ताने हा विषय मनात न ठेवता आपण त्यावर मोकळेपणाने चिंतन करू या.

रडू येणे हे पाप नव्हे

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात निरोपाचा एक प्रसंग आहे. संत पौल यांनी इफिस येथे तीन वर्षे सेवा केली होती. यरुशलेमकडे जाताना ते मिलेत बंदरावर थांबले आणि इफिसच्या वडीलधाऱ्यांना त्यांनी बोलावून घेतले. आपला चेहरा त्यांना पुन्हा दिसणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. सर्वांनी गुडघे टेकून प्रार्थना केली. मग ती प्रौढ माणसे पौलांच्या गळ्यात पडून रडली आणि त्यांना गलबतापर्यंत पोहोचवायला गेली. त्या रडण्याबद्दल संत लूक यांनी दोषाचा एक शब्दही लिहिलेला नाही.

जुन्या करारातही असेच आहे. मोशे मरण पावला तेव्हा इस्राएली लोकांनी मवाबाच्या मैदानात तीस दिवस शोक केला. चाळीस वर्षे ज्याने वाट दाखवली, त्याच्यासाठी तीस दिवस. पवित्र शास्त्राने शोकाला जागा दिली, वेळ दिला आणि मग शोकाचे दिवस संपले असेही नोंदवून ठेवले. लगेच पुढच्या पुस्तकाच्या आरंभी परमेश्वर यहोशवाला सांगतो, की मोशे मेला आहे, तर आता ऊठ आणि या लोकांना घेऊन यार्देन ओलांड. नदी समोर होती. मवाबातच बसून राहिले असते, तर ज्या देशासाठी मोशेने एवढी वणवण केली, तो देश त्यांना मिळालाच नसता.

म्हणून प्रथम हे सांगायचे आहे, की आधीच्या फादरांची आठवण येते याची कुणी लाज बाळगू नये. त्यांनी तुमच्या लेकरांना स्नानसंस्कार दिला, तुमच्या आईवडिलांना मातीआड करताना ते कबरेजवळ उभे राहिले. ज्याची आठवण येत नाही, त्याने मनापासून सेवा केली होती का, असाच प्रश्न पडेल.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. धर्मगुरूलाही आपली माणसे सोडून यावे लागते. आम्हीही एका धर्मग्रामात सहा वर्षे राहून येथे आलो. एका गावात आम्ही 'नवे फादर' असतो, तेव्हाच दुसऱ्या गावात 'जुने फादर' झालेलो असतो.

बदली का होते?

'चांगले चालले होते, मग बदली कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. काही जण सह्यांचे निवेदन घेऊन बिशप हाऊसला जाऊन आले, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यात प्रेमच होते.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. कलम ५२२ म्हणते, की प्रमुख धर्मगुरूला स्थैर्य हवे, तो आज येथे, उद्या तेथे असा नसावा. मात्र देशाच्या बिशप परिषदेने तशी मुभा दिली असेल, तर ठरावीक मुदतीसाठीही त्याची नेमणूक करता येते. कलम १७४८ म्हणते, की आत्म्यांच्या हितासाठी किंवा ख्रिस्तसभेच्या गरजेसाठी बिशप त्याला दुसरीकडे जाण्यास सांगू शकतात. म्हणजे स्थैर्यही लोकांसाठी आणि बदलीही लोकांसाठी. गुरुदीक्षेच्या वेळी आम्ही आपले जोडलेले हात बिशपांच्या हातात देतो आणि त्यांच्या व त्यांच्या वारसांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतो. त्या वचनाचा अर्थ बदलीचे पत्र हातात पडते त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळतो.

कुणी म्हणेल, संत वियानी तर एकाच गावात राहिले. खरे आहे. १८१८ साली ते फ्रान्समधील आर्स या गावी गेले. तेव्हा त्या गावची वस्ती अवघी अडीचशेच्या आत होती. १८५९ साली मृत्यू येईपर्यंत, एकेचाळीस वर्षे ते तेथेच राहिले. पण या गोष्टीचा दुसरा भाग आपण विसरतो. त्यांना तेथून जायचे होते! एकांतात प्रार्थना करीत उरलेले आयुष्य घालवावे, अशी त्यांची फार इच्छा होती. एकदा नव्हे, अनेकदा ते आर्स सोडून निघाले. १८५३ साली तर लोकांनी मध्यरात्री वाट अडवून त्यांना थांबवले. ज्याला जायचे होते तो आज्ञेने राहिला. ज्याला राहायचे असते तो आज्ञेने जातो. दोघांची आज्ञाधारकता एकच.

आणि बदली फक्त धर्मगुरूंची होते असे नाही. आपला वसई धर्मप्रांत १९९८ साली स्थापन झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे यांची २००९ साली पुण्याला नेमणूक झाली. त्यांच्यानंतर आर्चबिशप फेलिक्स मच्याडो आले आणि २०२४ साली बिशप थॉमस डिसोजा यांनी धुरा घेतली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस प्रभूघरी गेले आणि मे महिन्यात पोप लिओ चौदावे निवडले गेले. मिस्साच्या मुख्य प्रार्थनेत आपण पोप महोदयांचे आणि आपल्या बिशपांचे नाव घेतो. ते नाव बदलले तेव्हा दोन-तीन दिवस आमचीही जीभ अडखळली, सवयीने जुनेच नाव ओठांवर आले. पण प्रार्थना तीच राहिली, भाकर आणि प्यालाही तोच राहिला.

'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा'

दुःख वाट चुकते केव्हा? ते गट पाडू लागते तेव्हा. करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीचे असेच झाले. पौलांनी ती मंडळी स्थापन केली आणि ते पुढे गेले. मग अपुल्लोस आले. ते वक्तृत्वात निपुण होते. थोड्याच काळात कुणी स्वतःला पौलाचा म्हणवू लागला, कुणी अपुल्लोसाचा, तर कुणी केफाचा. पौलांनी त्यांना पत्र लिहून विचारले, की क्रुसावर तुमच्यासाठी पौल मेला काय? आपण फक्त लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, वाढवणारा देव आहे, असे त्यांनी समजावले.

त्याच पत्राच्या शेवटच्या अध्यायात एक लहानसे वाक्य आहे. अपुल्लोसाने करिंथला जावे म्हणून पौलांनी त्याला पुष्कळ विनवले, पण इतक्यात जाण्याची त्याची इच्छा नव्हती. का, ते पौल सांगत नाहीत. पण गटबाजीच्या गावात आपण पुन्हा पाऊल टाकले तर आगीत तेलच पडेल, असे त्याला वाटले असेल का? आम्हाला तरी तसे वाटते. ज्याच्या नावाचा गट झाला, तोच दूर राहिला. त्यात त्याचे मोठेपण दिसते.

करिंथची गोष्ट येथेच संपत नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस त्याच मंडळीतील काहींनी आपल्या वडीलधाऱ्या सेवकांना पदावरून दूर केले आणि रोमच्या संत क्लेमंट यांना पुन्हा पत्र लिहून त्यांची समजूत घालावी लागली. मधल्या काळात एक पिढी उलटून गेली होती. गटबाजीची सवय अशी सहजासहजी जात नाही. म्हणून ती लागण्यापूर्वीच सावध व्हावे.

मागच्या बाकावर

गेल्या महिन्यात आमच्या आधीच्या धर्मग्रामातून एका तरुणाचा फोन आला. 'फादर, आजोबा गेले. विधी तुम्हीच करा.' त्या आजोबांना आम्ही दर पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीर नेऊन देत असू. आम्ही म्हणालो, 'बाळा, तुमचे फादर आहेत. विधी ते करतील. आम्ही येतो.'

आम्ही गेलो आणि लोकांमध्ये, मागच्या बाकावर बसलो. नव्या फादरांना आजोबांचे नावसुद्धा कागदावर पाहून वाचावे लागले. प्रवचन साधेच होते. आमच्याकडे आजोबांच्या किती आठवणी होत्या! त्या विहिरीवरच्या, त्या बागेतल्या, त्या शेवटच्या आजारातल्या. क्षणभर वाटले, आपण पुढे जायला हवे होते. पण दफनविधी झाल्यावर घरातल्या आजी नव्या फादरांजवळ गेल्या, त्यांचा हात धरला आणि त्यांना आपल्या घरी घेऊन गेल्या. आम्ही स्टेशनची वाट धरली. आमचे मन जड झाले होते, हे नाकारत नाही. पण त्या दिवशी आम्ही विधी केला असता, तर आजींनी कुणाचा हात धरला असता? आणि आम्ही परत आल्यावर त्यांच्याजवळ कोण राहिले असते?

तुमचे आधीचे फादर फोनवर थोडे अलिप्त बोलतात, अशी काहींची खंत आहे. ते अलिप्त नाहीत. तेही अशाच एका मागच्या बाकावर बसलेले आहेत, असे समजा.

पाट आणि पाणी

संत थॉमस अक्वायनस यांचा एक साधा दाखला आहे. पाणी वाहून नेणारी नळी चांदीची असो वा शिशाची, पाणी पोहोचतेच. संस्कारांचे तसेच आहे. संस्कारांतून कृपा देणारा ख्रिस्त आहे, धर्मगुरू हे त्याच्या हातातील साधन. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'मुख्य कारण' आणि 'साधनरूप कारण' यांतील भेद आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. वसईच्या माणसाला तो पाठ करावा लागत नाही. आपल्या वाडवडिलांनी रहाटाचे पाणी पाटाने बागेत सोडले आहे. पाट एके ठिकाणी फुटला तर दुसरा काढायचा. केळीला पाट ठाऊक नसतो, पाणी ठाऊक असते.

पण पाट कसाही असला तरी चालतो, असा याचा अर्थ नव्हे. ज्या पाटात गाळ साचला आहे, त्यातून पाणी सुखाने वाहत नाही. म्हणून धर्मगुरूने स्वतःला साफ ठेवले पाहिजे. ते आमचे काम, त्याचा हिशेब आम्हाला द्यायचा आहे.

आल्यानंतर पहिल्याच आठवड्यात आम्ही एका आजारी मावशींकडे ख्रिस्तशरीर घेऊन गेलो. दार उघडताच त्या म्हणाल्या, 'ते फादर नाही आले?' आम्ही 'नाही' म्हणालो. त्यांचा चेहरा उतरला. मग आम्ही ख्रिस्तशरीर समोर धरले. मावशींनी डोळे मिटले, 'आमेन' म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा शांती आली. त्या 'आमेन'ला आम्ही कोण, हे महत्त्वाचे नव्हते. नव्या धर्मगुरूला याहून चांगला धडा कुणी दिला नसता.

धर्मगुरू नसलेली दोनशे वर्षे

एखाद्या धर्मग्रामाची श्रद्धा किती खोल आहे, हे धर्मगुरू गेल्यावर कळते. आपल्या वसईने ही परीक्षा दिलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीज सत्ता गेली, किल्ल्यातील मठ ओस पडले, मिशनरी निघून गेले. श्रद्धा मात्र गावागावांत राहिली. आज आपण येथे आहोत, हाच त्याचा पुरावा.

याहूनही कठीण परीक्षा जपानने दिली आणि त्या कथेशी वसईचे नाते आहे. आपले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. ते धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर होते. पुढे १६१४ साली जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. लपूनछपून सेवा करणारा अखेरचा धर्मगुरू १६४४ साली मारला गेला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे तेथील ख्रिस्ती लोकांना मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हते.

मग त्यांनी काय केले? कामे वाटून घेतली. गावातील एकाने वर्षाची दिनदर्शिका सांभाळायची, म्हणजे नाताळ आणि उपवासकाळ केव्हा ते कळेल. एकाने बाळांना स्नानसंस्कार द्यायचा. एकाने घरोघरी निरोप पोहोचवायचा. बापाने मुलाला प्रार्थना शिकवायची, तीही दबक्या आवाजात. अशा सात पिढ्या गेल्या.

१८६५ साली नागासाकीत ओउरा येथे नवे चर्च उभे राहिले. ते २६ हुतात्म्यांच्या नावे आहे, म्हणजे आपल्या गोन्सालो गार्सियांच्याही नावे. १७ मार्च रोजी उराकामी गावातील काही शेतकरी तेथे आले. त्यातील एका स्त्रीने फादर पेतिजाँ यांच्याजवळ जाऊन हळूच सांगितले, की तुमच्या-आमच्या अंतःकरणातली श्रद्धा एकच आहे. मग तिने विचारले, की पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे? त्या फादरांच्या डोळ्यांसमोर अख्खी ख्रिस्तसभा जमिनीखालून उगवून आली.

बंधू-भगिनींनो, त्यांच्याकडे धर्मगुरू नव्हता आणि त्यांनी दोनशे वर्षे श्रद्धा राखली. आपल्याकडे धर्मगुरू आहे, फक्त चेहरा नवा आहे. आणि आपण काय केले? तीन धर्मशिक्षकांनी रविवारचा वर्ग सोडला. दोन वाड्यांतील लहान ख्रिस्ती समूहांच्या सभा जूनपासून झालेल्या नाहीत. 'फादर होते म्हणून करत होतो,' असे एकाने सांगितले. हे आधीच्या फादरांचे कौतुक वाटते. पण त्यांच्या कानावर गेले तर त्यांना आनंद होईल का? सात वर्षे खपून लावलेली बाग, माळी गेला म्हणून दोन महिन्यांत वाळली, हे ऐकून कोणता माळी सुखावेल?

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने शिष्यांना सांगितले, की मी जातो हे तुमच्या हिताचे आहे, कारण मी गेलो नाही तर कैवारी तुमच्याकडे येणार नाही. शिष्यांना ते पटले नसावे. पण तोवर सर्वत्र येशूच्या मागे चालणारी ती माणसे पेन्टेकॉस्टनंतर स्वतः उभी राहिली, स्वतः बोलली, स्वतः चालली.

आता आपण काय करावे?

प्रथम आमच्याविषयी. आम्ही येथे आल्यावर पहिल्याच महिन्यात रोजची सकाळची मिस्सा सहाऐवजी साडेसहाला केली. कारण आमच्या दृष्टीने चांगले होते. पण मिस्सानंतर लोकल पकडून मुंबईला कामावर जाणाऱ्यांचा आम्ही विचार केला नाही. कुणी तक्रार केली नाही. दरवाजाजवळचे दोन बाक मात्र रिकामे दिसू लागले. येत्या सोमवारपासून मिस्सा पुन्हा सहा वाजता होईल. ज्यांची मिस्सा चुकली, त्यांची आम्ही क्षमा मागतो. नव्या माणसाने आधी वर्षभर पाहावे, मग हात लावावा, हे आम्ही शिकत आहोत. चूक दिसली तर मागे न बोलता आमच्याकडे या. दार उघडे आहे.

आता आपल्या सर्वांविषयी. आधीच्या फादरांसाठी रोज एक 'नमो मरिया' म्हणा. त्यांच्या वाढदिवसाला जरूर भेटा, पण येथल्या कुरबुरी त्यांच्यापाशी नेऊ नका. ज्यांनी सेवा सोडली, त्यांनी या आठवड्यात ती पुन्हा हाती घ्यावी. आमच्यासाठी नको, मुलांसाठी घ्या. वाड्यांतील सभा पुन्हा सुरू करा. बोलावलेत तर येऊ, नाही जमले तरी सभा होऊ द्या. आणि घरोघरी संध्याकाळची जपमाळ चुकवू नका. ती म्हणायला फादर लागत नाहीत.

मोशेसाठी तीस दिवस शोक झाला होता. आपले साठ होत आले. यार्देन समोर आहे. आणखी काही वर्षांनी आमच्याही बदलीचे पत्र येईल. त्या दिवशी थोडे रडलात तर आम्हाला बरे वाटेल. पण दुसऱ्या रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग भरलेले असावेत, आणि येणाऱ्या फादरांचा हात कुणीतरी आजींनी धरावा, एवढीच आमची प्रार्थना आहे.

हे प्रभू येशू, तूच आमचा उत्तम मेंढपाळ आहेस. ज्यांना तू आमच्याकडून दुसरीकडे पाठवलेस, त्यांना बळ दे. ज्यांना तू आमच्याकडे पाठवलेस, त्यांना नम्रता दे. आणि आम्हा सर्वांना तुझ्याच नावाने एकत्र ठेव. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू